वेगळा पेला

या स्मरणिकेसाठी एखाद्या ऐतिहासिक विषयावर लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. इतिहास शिकवण्यातच आमची तीस वर्षे गेली. परंतु लिहावयास बसलो, तेव्हा लेखणी घरातल्याच एका प्रसंगाकडे वळली. तो सांगताना संकोच वाटतो, म्हणूनच तो सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

2019 च्या पावसाळ्यात आमच्या आईला, वयाच्या 76 व्या वर्षी, तोंडाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. तिने जन्मभर मिशरी लावली होती. पनवेलहून हार्बरने कुर्ला आणि तेथून परळ, अशा आमच्या खेपा सुरू झाल्या. 1941 पासून देशभरच्या रुग्णांचा आधार असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात तिच्यावर किरणोपचार झाले. पुढे, रोग हटणार नाही, आता वेदना कमी करणे हाच उपचार, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले आणि आम्ही तिला घरी आणले.

गालावरची जखम उघडी पडली, तिला दुर्गंधी येऊ लागली. मग आईचा पेला वेगळा झाला, ताटली वेगळी झाली, अंथरूण मागच्या खोलीत गेले. असे करा, म्हणून कोणी कोणाला सांगितले नव्हते. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही आणि बाहेरून दिलेले किरण रुग्णाच्या अंगात उरत नाहीत, हे आम्हांस ठाऊक होते. तरीही आम्ही गप्प राहिलो. 20 मार्च 1927 चा चवदार तळ्याचा सत्याग्रह शिकवताना ज्याचा कंठ दाटून येतो, त्याच्याच घरात पाण्याचा पेला वेगळा झाला होता.

शुश्रूषेसाठी जी परिचारिका घरी येऊ लागली, ती आमच्याच शाळेची माजी विद्यार्थिनी निघाली. पहिल्या दिवशी तिने हातमोजे घालून जखम सलाइनने धुतली, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड तिच्यावर पसरली आणि स्वच्छ पट्टी बांधली. चार दिवसांत दुर्गंधी पुष्कळ कमी झाली. पट्टी झाल्यावर तिने हातमोजे काढले, हात धुतले आणि उघड्या हातांनी आईची वेणी घातली. आम्ही दारातून पाहत होतो. ती एवढेच म्हणाली, "सर, जखमेला हातमोजे लागतात, आजींना नाही." जाताना तिने तो वेगळा पेला घासून आमच्या पेल्यांच्या रांगेत ठेवला.

मॉर्फीनच्या गोळ्या देण्यास आम्ही बिचकत होतो. व्यसन लागेल ही भीती. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने हे औषध दुर्मिळ केले आणि 2014 च्या दुरुस्तीने त्याची वाट थोडी मोकळी केली, हे आम्ही वाचले होते. "दुखू लागण्याची वाट पाहू नका, ठरलेल्या वेळी द्या," असे तिने बजावले. त्या रात्री आई बऱ्याच दिवसांनी सलग झोपली.

आम्ही तिला एक विनंती केली होती, आईसमोर रोगाचे नाव काढू नये. ती म्हणाली, "त्यांनी विचारलं नाही तर मी होऊन सांगणार नाही, पण विचारलं तर खोटं बोलणार नाही." एके दुपारी आईने विचारलेच. परिचारिका अंथरुणाच्या कडेला बसली आणि तिनेच उलट विचारले, "आजी, तुम्हाला काय वाटतं?" आई म्हणाली, "मला कवाच ठाव हाय. पन या पोराला बोलू नको, त्याला सोसवनार नाय." आम्ही आईपासून जे लपवीत होतो, तेच आई आमच्यापासून लपवीत होती. त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही मायलेकरांनी मोकळेपणाने बोलून घेतले. ते दिवस त्या मुलीने आम्हांस मिळवून दिले.

विनयपिटकातील एक कथा आम्ही दरवर्षी परिपाठात सांगतो. अतिसाराने मलिन होऊन पडलेल्या एका भिक्खूकडे इतर भिक्खूंनी पाठ फिरवली होती. तो त्यांच्या उपयोगी पडत नव्हता. भगवान बुद्धांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला शय्येवर निजविले. मलमूत्राची किळस न मानणे आणि लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, हे तेथे चांगल्या शुश्रूषकाचे गुण म्हणून सांगितले आहेत. प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करतानाच 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाईंनी देह ठेवला, हेही आम्ही शिकवतो. शिकवले आम्ही, आचरले आमच्या विद्यार्थिनीने.

आईच्या जलदान विधीला ती आली, मागच्या रांगेत बसली आणि डोळे पुसून पुढच्या रुग्णाकडे गेली. तिच्या मनावरचा भार कोण हलका करीत असेल, हे विचारायचे त्या दिवशी आम्हांस सुचले नाही. आता ती भेटली की आधी तेच विचारतो.

आपल्या वसतिगृहातही मुले आजारी पडतात. वैद्यकीय कारण असेल तेथे अंतर जरूर पाळावे. किळसेला मात्र वैद्यकीय कारणाचे नाव देऊ नये. आमच्या विद्यार्थ्यांनी इतिहासातील सनावळ्या विसरल्या तरी चालतील, एवढे मात्र विसरू नये.