सही कुठे केली होती?

पगाराच्या स्लिपवर टीडीएसचा आकडा दिसला की आमचा एक मित्र हमखास विचारतो, "अरे, मी सही कुठे केली होती?" (एरवी न वाचता 'आय ॲग्री' दाबणारा माणूस!) पण प्रश्न अगदीच वेडगळ नाहीये. राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. म्हणजे अधिकार आधी सरकारनं दाखवायचा. आणि नुसता कायदा दाखवूनही भागत नाही बरं का! केरळात सरसकट एकरी २ रुपये जमीन-कर होता, जमीन कसदार असो की जंगल. १९६० साली मूपिल नायर खटल्यात सुप्रीम कोर्टानं तो समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून रद्द केला.

२०१८ मध्ये मात्र कोर्टानं दुसरी बाजूही स्पष्ट केली. कर लावणारं कलम संदिग्ध असेल तर फायदा करदात्याचा. सवलतीचं असेल तर सरकारचा, आणि सवलतीत आपण बसतो हे आपणच सिद्ध करायचं. एचआरएसाठी भाडेपावत्या शोधताना आठवा.

सहीचं म्हणाल तर मला तिची गरज वाटत नाही, रस्ते मीही वापरतो. नोटीस आली की मात्र मी रकमेआधी कलमाचा नंबर बघतो.