केल्या जाते

दहावीचा 'चेंज द व्हॉइस' आला की माझ्या शिकवणीतली पोरं वहीत बाण काढायला लागतात. फळ्यावर 'शी राइट्स अ लेटर'. लेटर इकडे, शी तिकडे, मध्ये 'टू बी'चं रूप, क्रियापदाचा थर्ड फॉर्म, शेवटी 'बाय'. गणितात बाजू बदलली की चिन्ह बदलतं, तसं. उत्तर बरोबर येतं, मार्कही मिळतो, पण वाक्याचं काय झालं ते कोणालाच उमगलेलं नसतं. नांदगाव खंडेश्वरात इतकी वर्षं मी इंग्रजी शिकवते आणि दरवर्षी याचं मला वाईट वाटतं. कारण बाणांनी जे शिकवायला जातो, त्यातलं बरंचसं या पोरांच्या तोंडात आधीच आहे.

म्हणून आता मी फळा पुसते आणि विचारते, काल घरी काय काय झालं? आईनं भाकर थापली. आईनं भात रांधला. आईनं वरण केलं. तिन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून क्रियापदांच्या शेवटच्या अक्षरांखाली खडू ओढते. थापली, रांधला, केलं. आई तीच, पण 'रांधला' हे तिच्यासाठी नाही, भातासाठी आहे. भूतकाळात शिरलं की सकर्मक क्रियापद कर्त्याकडे पाठ करतं आणि कर्माचं लिंग-वचन पाहून वळतं. हा आपला कर्मणी प्रयोग. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं. त्याच्या कितीतरी आधीपासून चुलीपुढचं लेकरू हा प्रयोग न चुकता करत आलं आहे. मात्र इंग्रजीत तेच वाक्य 'मदर कुक्ड राइस', सरळ ॲक्टिव्ह. कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असं पाठ केलेली हुशार पोरंसुद्धा इथंच घसरतात. आपल्याकडे भात जागचा हलत नाही, क्रियापद त्याचं ऐकतं एवढंच. इंग्रजीत भाताला उठून आईच्या जागेवर बसावं लागतं.

मग पॅसिव्हच्या जवळचं आपल्याकडे काय? ते वऱ्हाडात उठता-बसता ऐकू येतं: केल्या जाते. सोयाबीन सोंगल्या जाते, पोळी लाटल्या जाते, गोष्ट सांगितल्या जाते. पुस्तकी मराठीत 'लाटली जाते', 'सांगितली जाते'. आमच्याकडे कर्म कोणत्याही लिंगाचं असो, 'ल्या' हलत नाही. इकडची शिकलेली माणसं भाषणात आणि अर्जातही असंच लिहितात, आणि पुण्याकडे गेली की त्यांना हे चूक म्हणून सांगितल्या जाते. मी चूक म्हणत नाही. वर्गात तर याच रूपानं माझं सगळ्यात अवघड काम सोपं केलं. 'इज बीइंग पिक्ड' पोरांच्या घशाखाली उतरत नव्हतं. एका दिवशी मी म्हटलं, वावरात काय चालू आहे ते आपल्या बोलीत सांगा. मागून आवाज आला, "कापूस येचल्या जाऊन राह्यला." येचल्या म्हणजे पिक्ड, जाऊन म्हणजे बीइंग, राह्यला म्हणजे इज. तीन शब्दांना तीन शब्द, फक्त उलट्या क्रमानं. आरशात पाहावं तसं.

आमच्या गावात खंडेश्वराचं हेमाडपंती देऊळ आहे, यादवांच्या काळातलं. त्या काळच्या मराठीत हे सगळं एका प्रत्ययात मावायचं: कीजे, बोलिजे, म्हणिजे. ती रूपं गेली, पण दोन उरली आणि ती आपण दिवसातून शंभरदा वापरतो. 'पाहिजे' म्हणजे मुळात पाहिलं जातं, 'म्हणजे' हे 'म्हणिजे', म्हटलं जातं. तहानलेलं पोर 'पाणी पाहिजे' म्हणतं तेव्हा सातशे वर्षांपूर्वीचं पॅसिव्ह बोलत असतं.

'बाय'चं भाषांतर मात्र मी 'कडून' असं करू देत नाही. 'माझ्याकडून कप फुटला' यात हात निसटल्याची कबुली आहे. इंग्रजी 'बाय मी'मध्ये तसं काही नाही. आणि तो 'बाय' गाळायचा नियम शिकवताना मी हल्ली थांबते. कर्ता माहीत नसेल किंवा महत्त्वाचा नसेल तर गाळावा, असं पुस्तकं सांगतात. महत्त्वाचा नाही हे ठरवायचं कोणी? तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. लोक म्हणाले, वावर गेलं. कागदाची भाषा म्हणते, संपादन करण्यात आले. दोन्हीकडे कर्ता नाही, पण दोन्ही वाक्यं सारखी नाहीत. त्या दिवशी तासभर आम्ही एवढंच बोललो, धडा राहून गेला.

गेल्या दिवाळीनंतर 'कॉटन इज पिक्ड' हे वाक्य दिलं होतं. पुढच्या बाकावरची एक मुलगी सुट्टीच्या दिवशी आईबरोबर वेचणीला जाते, मजुरी किलोमागे. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी तिच्या नखांच्या कडा ओरबाडलेल्या होत्या. तिनं वही पुढे केली.

"मॅडम, इथचं बाय काढा लागते का?"

"नाही. राहू दे."

इंग्रजी वाक्याच्या वर तिनं पेन्सिलीनं बारीक अक्षरात उच्चार लिहून ठेवला होता: बाय माय मदर अँड मी.