तीन लिटरची गाडी

मी मराठी साहित्य शिकवतो. मोटारींच्या यंत्रशास्त्रात मला गती नाही. तरीही एका लहानशा जर्मन गाडीने गेली वीसेक वर्षे माझ्या डोक्यात ठाण मांडले आहे. वर्गात 'अल्पाक्षरत्व' हा शब्द उच्चारला की हमखास तीच डोळ्यांपुढे येते. आपल्या समीक्षेत हा शब्द नेहमी गौरवाने येतो. कवीने किती थोडक्यात सांगितले, कथाकाराने किती गाळले, असे आपण म्हणतो आणि पुढे जातो. गाळण्यासाठी कोणाला काय मोजावे लागले, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. त्या गाडीच्या बाबतीत मात्र हा हिशेब जवळजवळ संपूर्ण मांडता येतो.

फोक्सवॅगन कंपनीने १९९८ मध्ये लुपो नावाची छोटी गाडी बाजारात आणली. साडेतीन मीटरच्या आसपास लांबीची, चार माणसांची, शहरात वापरायची साधी गाडी. पुढच्याच वर्षी तिची एक वेगळी आवृत्ती आली. तिच्या नावातच तिची अट होती: लुपो थ्रीएल, म्हणजे शंभर किलोमीटरला तीन लिटर इंधन. नवी गाडी कोऱ्या कागदावर काढणे वेगळे आणि असलेल्या गाडीला एका आकड्यात बसवणे वेगळे. हे दुसऱ्या प्रकारचे काम संपादनाच्या जातीचे असते. संहिता समोर आहे, तिचा तोंडवळा ओळखू आला पाहिजे, आणि तरी तिच्यातला प्रत्येक शब्द आपली जागा सिद्ध करीत उभा राहिला पाहिजे.

अभियंत्यांनी दारे आणि बॉनेट अॅल्युमिनियमची केली. मागच्या दारात मॅग्नेशियम वापरले. काचा पातळ केल्या, आसने हलकी केली. टायर अरुंद आणि सहज घरंगळणारे घेतले. हवा विनाकारण आत शिरून अडखळू नये म्हणून पुढची जाळी बरीचशी बुजवली. हवेच्या अडथळ्याचा गुणांक ०.२९ पर्यंत खाली आला आणि गाडीचे वजन सुमारे ८३० किलोवर. इंजिन १.२ लिटरचे, तीन सिलिंडरचे, डिझेलचे, ६१ अश्वशक्तीचे. क्लचचे पेडल काढून टाकले आणि गियर बदलण्याचे काम यंत्राकडे दिले, कारण इंधनाच्या दृष्टीने योग्य क्षणी गियर बदलणे चालकाला प्रत्येक वेळी साधत नाही. 'इको'चे बटण दाबले की इंजिनाची ताकद मुद्दाम कमी होई, पाय उचलताच गाडी मोकळी धावू लागे आणि ब्रेकवर पाय ठेवून थांबलेल्या गाडीचे इंजिन काही क्षणांत आपोआप बंद पडे. सरकारी चाचणीत तिचा आकडा आला २.९९ लिटर. २००० साली तिने जगाची फेरी केली, तेव्हाची सरासरी २.३८ लिटरची होती.

मला यातली साखळी सर्वांत रंजक वाटते. अंग हलके झाले की ते ओढायला लहान इंजिन पुरते, आणि लहान इंजिन स्वतःही हलके असते. मग ते पेलणारा सांगाडा आणि थांबवणारे ब्रेक यांवरचा भारही उतरतो. एक विशेषण काढले की क्रियापदावरचा ताण कमी होतो आणि मग सगळे वाक्यच सैलावते, तसेच काहीसे. अर्थात ही उपमा फार ताणू नये. वाक्य हलके करायला पैसे पडत नाहीत; अॅल्युमिनियमला पडतात.

२००३ मध्ये काही आठवडे मी हायडेलबर्गला होतो. माझ्या यजमानीणबाईंकडे ही गाडी होती आणि त्यांनी मला तिच्यातून नेकार नदीच्या काठाने फिरवले. पहिल्याच सिग्नलला इंजिन बंद पडले. मी दचकून त्यांच्याकडे पाहिले; त्या शांत होत्या. दिवा हिरवा झाला, त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी पुन्हा सुरू झाली. आत आवाज बराच येत होता. वेग घेताना गाडी जड पावलांची वाटत होती. यजमानीणबाईंनी या कशाबद्दलही दिलगिरी दाखवली नाही. आवाज, संथपणा आणि जास्तीची किंमत, या बदल्यात तीन लिटर, एवढा व्यवहार त्यांनी उघड्या डोळ्यांनी केला होता.

मी दचकलो, पण माझ्यासाठी तो अनुभव नवा नव्हता. बंद इंजिनाच्या गाडीत बसण्याची मला लहानपणापासून सवय होती.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू, वाईला शाळामास्तर होते. निवृत्तीच्या थोडे आधी त्यांनी जुनी मारुती ८०० घेतली. तिचेही इंजिन तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे. गाडीच्या कप्प्यात एक दोनशेपानी वही असे. पेट्रोल भरले की तारीख, किलोमीटरचा आकडा, लिटर आणि रुपये, अशा चार रकाने आखलेल्या नोंदी. अक्षर फळ्यावरच्यासारखे. शेवटच्या रकान्यात भागाकार: १८.४, १७.९, १९.१. एकोणिसाच्या वर आकडा गेला की त्याखाली लाल रेघ. तो लाल आकडा घरात सर्वांना सांगितला जाई, परीक्षेतल्या गुणांसारखा.

लाल रेघेचे एक गुपित पसरणीचा घाट होते. पाचगणीहून वाईला उतरताना अप्पा इंजिन बंद करीत आणि गाडी नुसत्या उतारावर सोडून देत. कार्ब्युरेटरची गाडी, इंजिन चालू राहिले असते तर उतारावरही थोडे पेट्रोल जळलेच असते, त्यामुळे त्यांचा हिशेब तसा बरोबर होता. पण इंजिन सुटले की गियरचा लगामही सुटतो. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापत जातात आणि तापलेले ब्रेक पकड सोडू लागतात. आई पुढच्या आसनावर दाराची मूठ धरून बसलेली असे. "अहो, गाडी चालू करा ना," असे ती एकदाच म्हणे. अप्पा म्हणत, "चालूच आहे की." मग दोघेही वाई येईपर्यंत बोलत नसत. वर घाटात वारा असला तर त्याचा आवाज आत येई, एरवी टायरांचा.

त्या वहीत आईच्या भीतीचा रकाना नव्हता. अप्पा कंजूष होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. मास्तराच्या पगारात आणि नंतर पेन्शनीत गाडी राखणे हाच एक पराक्रम होता, आणि आम्हा भावंडांच्या शिक्षणाचा पैसा अशाच लहान लहान भागाकारांतून उभा राहिला. वाचलेल्या पेट्रोलचा आकडा मात्र वहीत लिहिला जात होता आणि त्याची किंमत शेजारच्या आसनावर मोजली जात होती. जर्मन गाडीत इंजिन बंद करणे, गाडी मोकळी सोडणे ही अप्पांचीच दोन्ही कामे यंत्र करीत होते. फरक इतकाच की तिथे त्या कामांची किंमत आधीच मोजून गाडीच्या किमतीत धरली होती, आणि नको असेल तेव्हा बटण दाबून ती बंद ठेवता येत होती.

इथे मला भाषेकडे वळावेसे वाटते, कारण वही जशी होती तशी असण्यामागे भाषेचाही हात आहे. आपण विचारतो, "गाडी किती देते?" किंवा "अॅव्हरेज किती पडते?" सरासरी या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आपण इंधनाच्या हिशेबात एक स्वतंत्र नाम करून टाकले आहे. आणि क्रियापदे पाहा. देणे हे दुभत्या जनावराचे क्रियापद आहे. पडणे हे उताऱ्याचे, एकरी इतकी पोती पडली म्हणतो तसे. गाडी ही आपल्याकडे उत्पन्न देणारी वस्तू आहे. ती 'खाते' किंवा 'पिते', असे आपण फक्त तक्रार करताना म्हणतो. जर्मनीत प्रमाण हिशेबच खर्चाचा आहे: शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात. हा नुसता व्यस्त अपूर्णांक आहे, गणित तेच, असे कोणी म्हणेल. गणित तेच आहे, पण त्यातून दिसते ते वेगळे.

लिटरला दहा किलोमीटर देणारी एखादी जड गाडी सुधारून साडेबारा देऊ लागली, तर अडीचाची वाढ ऐकून कोणी मान वर करणार नाही. शंभर किलोमीटरला तिला आधी दहा लिटर लागत होते, आता आठ. दोन लिटर वाचले. डिझेलवरच्या साध्या लुपोला शंभर किलोमीटरला साडेचार लिटरच्या आसपास लागत, म्हणजे ती लिटरला बावीस देई. तिच्या जागी तेहतीस देणारी थ्रीएल आली. अकराची वाढ! वाचले किती? दीड लिटर. अडीचाच्या वाढीने दोन आणि अकराच्या वाढीने दीड. ड्यूक विद्यापीठातील रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हाच भ्रम दाखवून दिला: अंतर भागिले इंधन असा आकडा समोर ठेवला की लोक बचतीचा अंदाज हमखास चुकवतात. पुढे अमेरिकेत नव्या गाड्यांवरच्या लेबलात मैलांच्या आकड्याबरोबर शंभर मैलांना लागणाऱ्या गॅलनांचा आकडाही आला.

गंमत अशी की थ्रीएलचा घात याच प्रामाणिक आकड्याने केला असावा. शंभर किलोमीटरला दीड लिटर, वर्षाला दहा हजार किलोमीटर, म्हणजे दीडशे लिटर. ज्या गिऱ्हाइकाला खर्चाच्या भाषेत विचार करण्याची सवय आहे त्याने हा गुणाकार केला, जास्तीची किंमत त्याच्याशेजारी ठेवली आणि साधी लुपो घेतली. जर्मन सरकारने अशा गाड्यांना वाहनकरात सवलत दिली होती, तरीही मागणी बेताचीच राहिली. २००५ मध्ये उत्पादन थांबले. त्याच कंपनीने पुढे, २०१३ मध्ये, शंभर किलोमीटरला एका लिटरहून कमी इंधन लागणारी एक्सएल-वन काढली. दोन माणसांची, कार्बन-तंतूंच्या अंगाची, जेमतेम अडीचशे नगांची. ती श्रीमंतांच्या संग्रहात शोभते. मला तिच्याविषयी आस्था नाही. काटकसर ही ज्यांना करावीच लागते त्यांच्या हाती न येणारी काटकसर म्हणजे अलंकार. आणि २०१५ मध्ये याच कंपनीच्या डिझेल गाड्या चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करीत असल्याचे अमेरिकेत उघड झाले. तो घोटाळा विषारी वायूंचा होता, इंधनाचा नव्हे. पण किंमत रकान्याबाहेर ठेवण्याची ती परिसीमा म्हणावी लागेल.

पुण्यात मी राहतो तिथून वेताळ टेकडी जवळ आहे. पुष्कळ पुणेकर तिला एआरएआय टेकडी म्हणतात, कारण तिच्यावर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. गाड्यांच्या जाहिरातींत तारांकित अक्षरांत जो 'प्रमाणित' आकडा असतो, त्यात या संस्थेचे नाव आपण वाचलेले असते. ती चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रुळांवर उभी असते, चाके जागच्या जागी फिरतात, वीस मिनिटांहून किंचित कमी वेळाच्या ठरीव चक्रात वेग वाढतो आणि उतरतो, ९० च्या पुढे जात नाही. त्या चक्रात पसरणीचा घाट नाही, खड्डे नाहीत, मेमधला एसी नाही. दोन गाड्यांची तुलना करायला असे मोजमाप लागतेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सकाळी टेकडीवर फिरायला आलेली माणसे मात्र तो आकडा वचन दिल्यासारखा उच्चारतात.

आपल्या सरकारने २०१७ पासून कंपन्यांच्या सरासरी इंधनखर्चावर मर्यादा घातली, तेव्हा नियम जाहिरातीच्या भाषेत लिहिला नाही. शंभर किलोमीटरला लिटर, असाच लिहिला. सरासरी १०३७ किलो वजनाला पेट्रोलच्या हिशेबात सुमारे साडेपाच लिटर. पण नियमात एक वाकण आहे: कंपनीच्या गाड्यांचे सरासरी वजन वाढले की मर्यादाही सैल होते. ८३० किलोपर्यंत उतरण्यासाठी ज्यांनी काचा पातळ केल्या त्यांना हे वाचून काय वाटेल कोण जाणे. आज भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक उंच, जड बांध्याच्या आहेत, आणि ज्या मारुती ८०० मध्ये आम्ही पाच जण मावत होतो तिचे उत्पादन २०१४ मध्ये संपले.

अलीकडे आमच्या सोसायटीत विजेवरच्या गाड्या आल्या आहेत. त्यांचाही खर्च शंभर किलोमीटरला अमुक युनिट असा सांगता येतो आणि युरोपात तसा सांगतातही. आपल्याकडे जाहिरातीत रेंज असते. परवा खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकांनी नवी गाडी आणली, पेढे वाटले. आम्ही चारपाच जण गाडीभोवती उभे राहिलो. बॅटरी किती किलोची आहे, हे मी विचारणार होतो, तेवढ्यात शेजारच्या जोशींनी हातातला पेढा तोंडात टाकत विचारले, "काका, एका चार्जमध्ये किती देते?"