तटाआडचे गाव

मुरुडजवळ राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी, भर समुद्रात उभा असलेला जंजिरा पाहावयास जाणारे बहुतेक लोक एकच प्रश्न मनात घेऊन जातात. हा किल्ला कोणास घेता का आला नाही? प्रश्न रास्तच आहे. शिवाजी महाराजांनी त्यावर वारंवार मोहिमा केल्या, मुरुडसमोर कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. १६७६ च्या सुमारास मोरोपंतांच्या मोहिमेत लाय पाटील नावाच्या कोळ्याने काळोखात तटास शिड्या लावल्या. परंतु मागची फौज वेळेवर न पोहोचल्यामुळे त्यास परतावे लागले. या धाडसाबद्दल महाराजांनी त्यास पालखी देऊ केली असता दर्यावर्दी माणसास पालखीचा काय उपयोग, असे म्हणून त्याने ती नाकारली, अशी कथा सांगतात. पुढे १६८२ साली संभाजी महाराजांनी राजपुरीकडून समुद्र बुजवून वाट करण्याचा यत्न केला, तोही अर्धवट राहिला. हा सर्व इतिहास आमच्या शिक्षकांनी आम्हांस मोटारीतच ऐकविला. आम्ही मुले मोठ्या उत्साहाने ऐकत होतो. माझा शेजारी मात्र खिडकीबाहेर पाहत होता. त्याचे घराणे मुरुडचे, आणि त्याचे आजोबा त्याच किल्ल्यात जन्मलेले!

किल्ल्यात कोणी जन्मते, ही गोष्टच मला नवी होती. परंतु जंजिरा हा नुसता किल्ला नव्हे, ते तटाआडचे एक गाव होते. पंधराव्या शतकात येथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता व राम पाटील त्यांचा नायक होता. निजामशाहीच्या पिरमखानाने व्यापाऱ्याच्या मिषाने शिरून तो हस्तगत केला, असे परंपरा सांगते. नंतर दगडी तट चढला, आणि मूळचे हबसाणातले, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचे, सिद्दी येथे सत्ताधीश झाले. जंजिरा हा शब्दही अरबी 'जझीरा' म्हणजे बेट यावरूनच आला. यांच्याच याकूतखानाने १६८९-९० साली इंग्रजांच्या मुंबईस वेढा घालून त्यांस जेरीस आणले होते. मुंबईकर म्हणून आम्हांस ही हकीकत थोडी बोचली, हे सांगितलेच पाहिजे.

राजपुरीहून शिडाच्या होडीने निघालो. वारा अनुकूल होता. तट जवळ येत चालला तरी दरवाजा कोठे दिसेना. दोन बुरुजांच्या आडोशास होडी वळली तेव्हाच तो एकदम पुढे आला. आत शिरताना भिंतीवर पंजांत हत्ती दाबून धरलेले श्वापद कोरलेले आहे. तांडेलाने पाऊण तासाची मुदत दिली आणि कलालबांगडी तोफेकडे बोट दाखवून, ही तोफ कितीही ऊन असो, तापत नाही, असे बजावले. आम्ही हात लावून पाहिला. चांगली तापली होती.

इतर मुले तोफांवर रेंगाळली असता आम्ही दोघे वर चढलो. मित्राच्या खिशात एक कागद होता. आजोबांनी खुणा सांगितल्या होत्या त्या त्यावर लिहिलेल्या: सुरूलखानाच्या वाड्याकडे पाठ करावी, तलाव उजव्या हातास ठेवावा, नंतर चिंचोळी वाट, आणि भिंतीत दिव्याचा कोनाडा. वाडा सापडला, मजल्यांची नुसती कवटी उभी आहे व खिडक्यांतून आकाश दिसते. तलावही सापडला. वाट मात्र झुडपांत नाहीशी झाली होती. भिंती कमरेइतक्या उरलेल्या, आणि कोनाडा म्हणाल तर जिकडेतिकडे! प्रत्येक घरास दिवा लागतच असे. शेवटी मित्राने एका कोनाड्यापाशी थांबून आत हात घातला, तळ चाचपला आणि म्हणाला, "हेच असेल." मी होकार दिला. ते घर दुसऱ्या कोणाचे असते तरी त्यात माणसेच राहिली होती.

हे गाव तोफेने उठले नाही. नवाबाचा दरबार केव्हाच मुरुडास गेला होता; १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले आणि नोकरी, बाजार, शाळा सारे किनाऱ्यावरच राहिले. जेथे मिठाच्या पुडीसाठी होडी लागते आणि पावसाळ्यात ती होडीही बंद पडते, तेथे माणसाने कशासाठी राहावे? मोहिमांची बखर झाली. एकेक बिऱ्हाड हलले त्याची नोंद मला कोणत्याही पुस्तकात आढळली नाही.

तलाव मात्र पाहावा असा आहे. चहूकडे खारा समुद्र, आणि मध्ये चिरेबंदी काठाचे गोडे पाणी! माझ्या मते किल्ल्याचे खरे बळ तटापेक्षा येथे होते, कारण तट कितीही उंच असो, तहानलेली शिबंदी किती दिवस लढणार? आज पाण्यावर हिरवे शेवाळ दाटले आहे. मित्राने ते हाताने सारले आणि सोबत आणलेली बाटली भरली. आजोबांनी तेवढेच मागविले होते.

तांडेलाने ती पाहून म्हटले, "बाबा, हे पाणी आता पिऊ नका हो." मित्र म्हणाला, "प्यायला नाही." परतताना त्याने ती दोन्ही पायांमध्ये उभी धरून ठेवली.

सोमवारी शाळेत मी चौकशी केली. आजोबांनी ते पाणी काचेच्या भांड्यात ओतून खिडकीत ठेवले, व संध्याकाळपर्यंत गाळ खाली बसू दिला. घराविषयी, वाड्याविषयी काही विचारले नाही. पाण्याच्या वर किती पायऱ्या कोरड्या होत्या, एवढेच विचारले. मित्राने त्या मोजल्या होत्या. त्याने आकडा सांगितला.

"मग यंदा पाऊस बरा झाला," आजोबा म्हणाले.