पाने किती मांडावीत?

संगणकाच्या जगात ज्याला 'कर्नल' म्हणतात तो फौजेतला नव्हे. कार्यप्रणालीचा जो गाभा, बाकीचे सारे कार्यक्रम ज्याच्याकडे जागा मागावयास येतात, त्याचे हे नाव. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली लिहावयास घेतलेला लिनक्सचा कर्नल कोणासही आपल्या सोयीने बांधून घेता येतो. मात्र त्यासाठी प्रश्नांची एक लांबलचक यादी भरावी लागते. त्यातले स्मृतिव्यवस्थापनाचे प्रकरण आम्ही अलीकडे सबंध वाचून काढले. पुष्कळ प्रश्नांखाली एक ठरावीक सल्ला आढळतो : खात्री नसेल तर 'नाही' म्हणा.

या वाचनास निमित्त घडले ते आमच्या गावच्या मराठी ग्रंथालयात. तेथे जुन्या नियतकालिकांच्या अंकांची छायाचित्रे घेऊन त्यांतील मजकूर संगणकाकरवी उतरवून घेण्याचे काम चालते. यंत्र देणगीदाखल आलेले, स्मृती अवघी ४ गिगाबाइट. एका ज्येष्ठ भगिनींनी दुपारभर डोळ्यांत तेल घालून तपासलेला मजकूर एकाएकी पडद्यावरून नाहीसा झाला. यंत्राची नोंद उघडून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. कर्नलनेच तो कार्यक्रम मारला होता!

हे असे का व्हावे? कर्नल स्मृतीचे ४ किलोबाइटचे एकेक तुकडे करतो व त्यांस 'पाने'च म्हणतो. ४ गिगाबाइटमध्ये अशी दहा लाखांहून अधिक पाने मावतात. कार्यक्रम मात्र लागेल त्याहून पुष्कळ अधिक जागा मागून ठेवतात, आणि कर्नल ती देऊ करतो. खरे पान मांडतो ते पाहुणा जेवावयास बसल्यावर. लग्नाच्या घरीही पाचशे आमंत्रणे गेली म्हणून पाचशे पाने कोणी मांडत नाही. पण एखाद्या दिवशी सगळेच आले, तर? यजमान घाईघाईने भात टाकील. कर्नल आधी इकडची तिकडची जागा मोकळी करून पाहतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर जो सर्वांत अधिक खात असेल बहुधा त्यालाच संपवितो.

या व्यवहाराचे तीन पर्याय आहेत, आणि ते चालू यंत्रावरही बदलता येतात. ० म्हणजे उघड अवास्तव मागणी तेवढी नाकारणे. १ म्हणजे कोणासही नाही न म्हणणे. २ म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरणे. दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय आम्हांस प्रथमदर्शनी फार आवडला. परंतु त्यात मूळची मर्यादा अदलाबदलीची जागा अधिक प्रत्यक्ष स्मृतीचा निम्मा भाग एवढी असते. आमच्या यंत्रात २ गिगाबाइट अदलाबदलीची जागा. म्हणजे वचने एकंदर ४ गिगाबाइटचीच. एवढ्यात सढळ हाताने मागणारे आजचे कार्यक्रम पुढे काम करण्यास नकार देण्याचा संभव. तेव्हा ० कायम ठेवला.

मग राहिला प्रश्न बळी कोणाचा. प्रत्येक कार्यक्रमास उणे १००० ते अधिक १००० असा एक अंक देता येतो. उणे १००० म्हणजे पूर्ण अभय. ते देणे आम्हांस धोक्याचे वाटते, कारण अभय मिळालेलाच जर सगळे गिळू लागला तर बिचारे निरपराध एकामागून एक मरावयाचे. मजकूर तपासण्याच्या कार्यक्रमास आम्ही उणे ५०० दिले. गुन्ह्याचा हिशेब करताना त्यास एकूण स्मृतीच्या निम्म्याएवढी सूट मिळते.

बाकीचे प्रश्न लवकर उरकले. २ मेगाबाइटची मोठी पाने मागेल त्यासच. झ्स्वॅप, म्हणजे बाहेर काढावयाची पाने तबकडीवर नेण्यापूर्वी स्मृतीतच आवळून ठेवण्याची २०१३ पासूनची सोय, ती मात्र जुन्या संथ तबकडीसाठी आवर्जून सुरू केली. लहान यंत्रांसाठीची 'स्लॉब' ही स्मृतिवाटपाची पद्धत २०२३ साली ६.४ या आवृत्तीत काढून टाकली गेली, हे वाचून थोडे वाईट वाटले. गरिबाचा पर्याय नेहमी आधी जातो.

आता तंगी आली की बहुधा ब्राउझरचा बळी जातो. त्याबद्दल वाचनकक्षातील तरुण मंडळींची तक्रार आहे. ती आम्ही नोंदवून घेतली आहे.