वारा फिरला की

सिडनीत उन्हाळ्यात संध्याकाळी कधीकधी दक्षिणेकडून गार वारा सुटतो. दिवसभर वायव्येच्या कोरड्या झळांनी भाजून निघालेलं शहर मग खिडक्या सताड उघडतं, लोक अंगणात खुर्च्या टाकतात. नवरा वणव्यावर गेलेला असेल तर मला नेमकी त्याच वाऱ्याची धास्ती वाटते. वायव्येच्या वाऱ्यावर वणवा लांबट पट्ट्यात पळत असतो. त्याचं तोंड अरुंद आणि कूस मैलोन्मैल. वारा फिरला की ती अख्खी कूसच तोंड होते, आणि मघापर्यंत आगीच्या बाजूला उभी असलेली माणसं आगीच्या समोर येतात. हे त्यानं मला शिकवलेलं नाही. रात्र-रात्र मोबाईलवर नकाशा बघत बसले, त्यातून कळत गेलं. अज्ञानात सुख असतं म्हणतात, ते या बाबतीत तरी खरं आहे.

हा एरवी संगणकावर काम करणारा माणूस. पण न्यू साउथ वेल्सच्या रूरल फायर सर्व्हिसमध्ये जे सत्तर हजारांच्या आसपास बिनपगारी स्वयंसेवक आहेत, त्यांतला एक. साताऱ्याला सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. "पगार नाही, मग ह्यालाच काय पडलंय गं?" त्यांचंही चूक नाही. आपल्याकडे आग विझवणं हे बंबवाल्यांचं, नोकरीतल्या माणसांचं काम. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ त्या तारखेपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. ते जवान कामावर होते. इथे गल्लीतला प्लंबर, शाळेतली बाई, निवृत्त बसचालक पिवळे कपडे चढवून निघतात. रान एवढं अफाट आहे की सगळीकडे पगारी दल ठेवणं परवडायचंच नाही. सासूबाईंना मी हे समजावते खरी, पण रात्री दोन वाजता मीही मनात त्यांचाच प्रश्न विचारत असते.

2019 च्या ऑक्टोबरमध्ये वीज पडून गॉस्पर्स माउंटनला लागलेल्या आगीनं पाच लाख हेक्टरांहून जास्त रान खाल्लं. 19 डिसेंबरला बक्स्टनजवळ, दुसऱ्या एका आगीत, झाड पडून बंब उलटला आणि जेफ्री कीटन, अँड्र्यू ओड्वायर हे दोन तरुण बाप गेले. दोघंही स्वयंसेवक. कीटनच्या अंत्यविधीला दलाचे तेव्हाचे आयुक्त शेन फिट्झसिमन्स यांनी गुडघ्यावर बसून त्याच्या दीड वर्षाच्या मुलाच्या सदऱ्यावर पदक लावलं. पोराच्या तोंडात चोखणी होती. फिट्झसिमन्स यांचे स्वतःचे वडील 2000 साली अशाच कामावर असताना गेले होते; पुढचे वणवे टळावेत म्हणून मुद्दाम रान जाळतात, त्या आगीत. पदक लावतानाचा फोटो जगभर फिरला. लोकांना त्यात शौर्य दिसलं असेल. मला त्या मुलाची आई दिसते.

आणि राग येतो, हेही सांगून टाकते. फोन त्या ठरावीक सुरात किंचाळला की हा ताटावरून उठतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर काळजीपेक्षा उत्साह जास्त असतो. त्याग वगैरे शब्द मी त्याच्यासाठी वापरत नाही. त्याला जायला आवडतं. मागे राहिलेली पोरं, उद्याचा डबा, रद्द करायची पाहुण्यांची जेवणं, हे सगळं माझ्या वाट्याला. आमच्या मंडळानं गणपतीत त्याला शाल-श्रीफळ दिलं. मी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या, आणि तरी वाटलं की ही सेवा निम्मी आमच्या स्वयंपाकघरातून चालते.

भांडण मात्र कधी होत नाही. पहाटे तो बूट बाहेरच काढून येतो, ओट्याशी उभा राहून तांब्याभर पाणी पितो. हातमोजा जिथे संपतो तिथे मनगटावर काजळीची काळी रेघ असते, डोळे लालभडक. कपडे वेगळे धुवावे लागतात, नाहीतर शाळेच्या गणवेशालाही धुराचा वास लागतो. अशा वेळी काय बोलणार? भाजीत मीठ जास्त पडलं होतं, एवढंच सांगते.

डोंगरात नेटवर्क नसतं. त्याचा फोन न येणं ही बातमी नव्हे, हे मी स्वतःला बजावून ठेवलंय. माझा फोन वाजतो तेव्हा मात्र काळजात धस्स होतं, आणि बहुतेक वेळा पलीकडून कुणी मायेनं विचारतं, "आला का गं?"

म्हणून ओळखीतलं कुणी आगीवर गेलं असेल तर त्या घरी रात्री फोन करू नका. मेसेज टाकायचाच तर उत्तराची गरज नाही, असंही त्यातच लिहा. पोरांना शाळेतून आणा, संध्याकाळी डबा पोचवा. दहीभात असेल तर उत्तम; तो पहाटे तीनला उभ्याउभ्याही खाता येतो.