भग्न मनोऱ्याची साक्ष

जुन्या गोव्यास जाणारा भाविक बॉम जेझूसमध्ये संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांना वंदन करून बहुधा तसाच परततो. मीही अनेकदा तसाच परतलो. अखेर एकदा जवळची टेकडी चढलो. तेथे संत ऑगस्टीनच्या मंदिराचा भग्न मनोरा उभा आहे. १८३५ साली मठ ओस पडला, १८४२ साली छत कोसळले, १९३१ साली अर्धा मनोराही ढासळला. पण याच दगडमातीखाली जॉर्जियाच्या राणी केतेवानच्या अस्थी जपल्या गेल्या होत्या. १६२४ साली शिराझ येथे ख्रिस्ताला नाकारण्याऐवजी तिने छळ सोसून मरण पत्करिले. पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात लाभलेल्या अस्थींचा अंश भारताने २०२१ साली तिच्या मायदेशास अर्पण केला. वाचकहो, मंदिर ढासळले, पण रक्तसाक्षिणीची साक्ष टिकली. पुढच्या यात्रेत ही चढण चुकवू नका.